चोवीस विहिरींतली एक

जालन्याच्या एमआयडीसीत रात्री दहाच्या सुमारास एकदा जाऊन बघा. भट्टीचं झाकण सरकतं आणि आत सोळाशे अंशांना वितळलेलं लोखंड दिसतं. तो उजेड असा असतो की समोरच्या भिंतीवर माणसांच्या सावल्या थरथरतात. काल जे सायकलचं चाक होतं, तुटका नांगर होता, गंजलेला पत्रा होता, ते सगळं एकाच कढईत पाण्यासारखं डुचमळत असतं. तासाभरात त्याचे बिलेट पडतात. नारिंगी, लखलखते, माणसाहून लांब. रोलमधून सळसळत जाताना ते बारीक होत जातात, लांब होत जातात, आणि पार दुसऱ्या टोकाला पाण्याच्या फवाऱ्यात फस्सकन शिरून सळई होऊन बाहेर येतात. सकाळी तीच सळई ट्रकवर चढते आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी स्लॅबवर पोहोचते.

अशाच एका मिलच्या ऑफिसात बसलो होतो. मालक जुन्या ओळखीचे. टेबलावर वजनकाट्याच्या पावत्यांशेजारी एक जाडजूड फाईल पडली होती. वर धूळ.

"शेठ, हे काय?"

"संरक्षणाची निविदा. खास पोलादाचे गोल बार मागितले होते."

"मग भरली का नाही?"

"किती मागितले होते विचारा ना. चाळीस टन." त्यांनी काट्याच्या एका पावतीच्या मागे पेनानं आकडा लिहिला. "आपली मिल दिवसाला पाचशे टन काढते. म्हणजे हे झालं दोन तासांचं काम. आणि त्या दोन तासांच्या कामासाठी किती दिवस लागणार, तो हिशेब मी मांडला, आणि फाईल ठेवून दिली."

ती पावती मी मागून घेतली. घरी येऊन त्यांच्या हिशेबाच्या पुढे मी माझा हिशेब मांडत गेलो, आणि आकडे असे फुगत गेले, असे आटत गेले, की रात्री झोप लागेना. देशाची ताकद ज्यावर उभी आहे ते पोलाद, आणि पोलादाचं गाव म्हणून ज्याची ओळख आहे ते जालना. या दोघांची गाठ का पडत नाही? चला, आपण दोघं मिळूनच मोजू.

सुरुवात दिल्लीपासून. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ठेवलेली रक्कम आहे ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये. वाचला आकडा? आता तो विसरा, कारण असा आकडा डोक्यात मावतच नाही. त्याचे तुकडे करू. दिवसाला १,८६६ कोटी. तासाला जवळजवळ ७८ कोटी. मिनिटाला १ कोटी ३० लाख. सेकंदाला २ लाख १६ हजार! तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत दहा लाख गेले. जालन्याहून सकाळची वंदे भारत धरली आणि सात तासांत मुंबईला उतरलो, तर त्या एका प्रवासात खर्च झाले ५४४ कोटी. दख्खनची राणी पुण्याहून मुंबईला पोहोचायला तीन तास आणि थोडी मिनिटं घेते. तेवढ्यात अडीचशे कोटींच्या जवळ.

अजून डोळ्यांसमोर येत नाही? मग ती रक्कम पाचशेच्या नोटांत काढू. तेराशे बासष्ट कोटी नोटा होतात. पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब. एकीला एक लावत गेलो तर ओळ होते २० लाख ४३ हजार किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर साडेतेरा हजारांहून अधिक खेपा! पृथ्वीला पन्नास वेढे देऊनही ओळ उरते. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. ही ओळ चंद्रावर जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते, आणि तिसऱ्यांदा चंद्रावर पोहोचून परतीच्या वाटेत संपते. एक नोट साधारण एक ग्रॅमची. म्हणजे वजन झालं १३,६०० टन. ५८ डब्यांच्या मालगाडीत साडेतीन हजार टन माल धरा. चार मालगाड्या, काठोकाठ, फक्त पाचशेच्या नोटांनी भरलेल्या!

पण आपण मराठवाड्यातले. आपल्याला गाडीपेक्षा विहीर जास्त कळते. पंचवीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल, बांधलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. बदनापूरच्या, परतूरच्या शिवारात अशी विहीर पाडायची म्हटलं तर एका कुटुंबाची काही वर्षांची कमाई जाते. तिच्यात पाण्याऐवजी पाचशेच्या नोटा दाबून भरायच्या, तळापासून काठापर्यंत. संरक्षणाच्या एका वर्षाच्या पैशात अशा किती विहिरी भरतील?

चोवीस.

एका शिवारात चोवीस विहिरी, आणि प्रत्येकीत वाकून बघावं तर तळ दिसू नये. मग जालन्याचा कारखानदार पोहरा घेऊन धावत का नाही?

आता विहिरी उपसायला लागू. यातला मोठा वाटा पगारांचा, निवृत्तिवेतनाचा, इंधनाचा, दुरुस्तीचा. नुसतं निवृत्तिवेतनच १ लाख ६० हजार कोटींच्या वर. ज्यांनी आयुष्य सीमेवर घातलं त्यांचा तो हक्क आहे, त्याला हात लावायचाच नाही. राहिला भांडवली खर्च, १ लाख ८० हजार कोटी. चोवीस विहिरींच्या झाल्या सव्वासहा. त्यातून नवी शस्त्रं, विमानं, जहाजं यांच्या खरेदीसाठी सुमारे १ लाख ४८ हजार ७०० कोटी. सव्वापाच विहिरी. त्यातले तीन चतुर्थांश देशातल्याच उत्पादकांकडून घ्यायचे असं ठरलेलं, म्हणजे १ लाख ११ हजार ५४४ कोटी. चार विहिरी. आणि त्या चारातला पाव हिस्सा देशातल्या खासगी उद्योगांसाठी राखून ठेवलेला. २७ हजार ८८६ कोटी.

एक विहीर!

चोवीसातली एक. रुपयातले चार पैसे. दिल्लीहून चार मालगाड्या सुटल्या आणि खासगी कारखान्यांच्या सायडिंगला बावीस ट्रक लागले. सरकारी कंपन्या आपली बरीच कामं बाहेर वाटून देतात, त्यामुळे इकडूनतिकडून आणखी ओलावा येतो हे खरं. पण सरळ हिशेबात हातात येते ती एक विहीर.

आणि त्या विहिरीवर किती जण उभे आहेत? संरक्षणासाठी काम करणाऱ्या लहान-मध्यम उद्योगांची संख्या सरकारच सांगतं, सुमारे १६ हजार. त्या रांगेत सगळ्यांत पुढे मोठे मोटारपंप लावून मोठ्या कंपन्या. क्षणभर समजा, मोठ्यांनी एक थेंबही घेतला नाही आणि सगळं पाणी या सोळा हजारांत सारखं वाटलं. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला येतात पावणेदोन कोटी.

आता शेठजींच्या मिलकडे या. दिवसाला पाचशे टन, टनाला पन्नास हजार रुपये धरा. दिवसाची उलाढाल अडीच कोटी! म्हणजे देशाच्या संरक्षणातला वर्षभराचा सरासरी वाटा हा जालन्याच्या एका मिलची एका दिवसाचीसुद्धा उलाढाल नाही. रात्री दहाला भट्टी पेटवली तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या चहाला तेवढं काम झालेलं असतं.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं, उत्तर सापडलं. पण पैशाचा आकडा हा या गोष्टीतला लहान आकडा आहे. मोठा आकडा वेळेचा आहे.

आयएनएस विक्रांत घ्या. कोचीत बांधलेली आपली विमानवाहू युद्धनौका. २६२ मीटर लांब, ६२ मीटर रुंद, ४५ हजार टनांची, २० हजार कोटींची. आत २,३०० हून अधिक कप्पे. तिच्यासाठी लागणारं खास पोलाद आपल्या हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेनं घडवलं आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांनी ओतलं. सुमारे ३० हजार टन. आता तीस हजार टनांकडे जालन्याच्या नजरेनं बघा. पंचवीस टनी ट्रक बाराशे. मालगाड्या साडेआठ. पाचशे टनांच्या एका मिलचं साठ दिवसांचं काम. भारतानं आजवर बांधलेली सगळ्यांत मोठी युद्धनौका, आणि तिचं सगळं पोलाद म्हणजे जालन्यातल्या एकाच मिलचे दोन महिने! पोळ्याला सुरुवात केली तर दिवाळीला संपलं.

आणि नौका बांधून होऊन नौदलात दाखल व्हायला किती वर्षं गेली? तळ बसवला २००९ च्या फेब्रुवारीत, दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ ला. साडेतेरा वर्षं. पोलाद काही सगळी वर्षं लागत नाही, पण सरासरीच काढायची तर दिवसाला सहा टन. पाव ट्रक! दिवसाला वीस ट्रक भरणाऱ्या फाटकातून रोज पाव ट्रक. आणि ते पोलादही सळईचं नव्हे. जालन्याच्या भट्टीत भंगार वितळतं, आणि भंगारात तांबं, कथील, काय काय मिसळलेलं असतं. घराच्या सळईला ते चालतं. युद्धनौकेच्या पोलादाला ते चालत नाही. तिथे मिश्रण वेगळं, भट्टी वेगळी, नमुना थंडगार करून त्यावर घण मारून बघायचा, फाटला तर सगळी हीट, म्हणजे भट्टीतला त्या खेपेचा सगळा माल, बाद. ते शास्त्र धातुतज्ज्ञांचं. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ. कारखानदाराला एवढं कळतं की दोन तासांच्या मालासाठी भट्टीची सगळी सवय मोडायची आहे.

तोफांचा आकडा तर माझ्या डोक्यातून जातच नाही. पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेनं देशी लांब पल्ल्याच्या तोफेचं काम हाती घेतलं ते २०१३ मध्ये. काय तोफ बनवली! चाचणीत गोळा ४८ किलोमीटर गेला. जालन्यापासून चिकलठाण्याच्या अलीकडपर्यंत, समृद्धी महामार्गावर मोटारीला अर्धा तास लागावा एवढं अंतर! मुंबई-पुणे म्हणाल तर अशा तीनहून थोड्या जास्त उड्या. त्या तोफांची ऑर्डर निघाली मार्च २०२५ मध्ये. ३०७ तोफा, ओढणाऱ्या गाड्यांसह सुमारे ६,९०० कोटी. साठ टक्के पुण्याच्या भारत फोर्जला, चाळीस टाटांना. ऐकून ऊर भरून येतो. पण पावतीच्या मागे मांडून बघा. एक तोफ साधारण १८ टनांची. ३०७ तोफा मिळून साडेपाच हजार टन. पाचशे टनांची मिल, अकरा दिवस. कामाची सुरुवात आणि ऑर्डर यांच्यामध्ये, बारा वर्षं!

बारा वर्षं कोण थांबू शकतो? भारत फोर्ज थांबू शकली. १९६१ पासूनची कंपनी, जगभरच्या ट्रकांना आणि मोटारींना तिचे घडीव भाग जातात. तिचे प्रमुख बाबा कल्याणी यांनी स्वित्झर्लंडहून तोफांचा अख्खा कारखाना उचलून पुण्यात आणला आणि ऑर्डर नसताना तोफा घडवल्या. त्या जिद्दीला मनापासून सलाम. पण त्या जिद्दीच्या मागे रोजचं जेवण घालणारा दुसरा धंदा होता. नागपूरच्या सोलारचंही तसंच. खाणींसाठी स्फोटकं बनवून ती कंपनी मोठी झाली, मग २०२० मध्ये तिला १० लाख हातबॉम्बची ४०९ कोटींची ऑर्डर मिळाली. एक बॉम्ब चार हजार नव्वद रुपयांना पडला. दहा लाख नग! ही संख्या कारखानदाराला झेपते, आवडते, कारण यंत्र एकदा लावलं की ते पळत राहतं. गंमत बघा, संरक्षणात उद्योग टिकतो तो नग लाखांत मोजले जातात तिथे, किंवा मालकाच्या घरी दुसरी चूल पेटलेली असते तिथे.

बाकीच्यांसाठी थांबणं म्हणजे काय, त्याचे आकडे एकावर एक ठेवू. सैनिकाच्या अंगावरचं गोळी अडवणारं जाकीट. १ लाख ८६ हजार जाकिटांची गरज २००९ मध्ये मान्य झाली, मुख्य करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटींचा. नऊ वर्षं, एका जाकिटासाठी! २००९ ला पहिलीत गेलेलं पोर तोवर दहावीच्या उंबरठ्यावर. बोफोर्सचा करार मार्च १९८६ चा, ४१० तोफा, १,४३७ कोटी. त्यानंतर वाद असा पेटला की सही करायला कुणाचा हात धजेना, आणि परदेशी तोफेचा पुढचा मोठा करार व्हायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडला. तीस वर्षं. अर्जुन रणगाडा १९७४ मध्ये मंजूर, २००४ मध्ये सैन्यात. पुन्हा तीस वर्षं. तेजस विमान १९८३ मध्ये मंजूर, त्याचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं १ जुलै २०१६ ला. तेहेतीस! आणि १२६ लढाऊ विमानांची ती गाजलेली निविदा, २००७ मध्ये निघालेली, नुसतं मागणीपत्रच २११ पानांचं. सहा परदेशी कंपन्यांनी विमानं उडवून दाखवली, वाळवंटात, लेहच्या थंडीत, बंगळुरूच्या दमट हवेत. २०१२ मध्ये एकाची निवड झाली. २०१५ मध्ये निविदाच रद्द झाली. आठ वर्षांत त्या निविदेतून आलेली विमानं, शून्य.

तिथे चाचणीचा नियम असतो, त्याला 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' म्हणतात. खर्च सगळा तुमचा, ऑर्डरची हमी कुणाचीच नाही. नमुना तुम्ही बनवायचा, वाळवंटात तुम्ही न्यायचा, बर्फात तुम्ही न्यायचा, माणसं तुमची, डिझेल तुमचं. आणि शेवटी लिफाफे उघडतात तेव्हा एल-वन, सगळ्यांत कमी दरवाला, पुढे जातो. बारा वर्षं पळून शेवटच्या पावलावर एका रुपयानं हरायची तयारी ठेवायची. खरेदीची मोठी नियमावली २०२० ची, सहाशेच्या वर पानं. दिवसाला वीस पानं वाचली तर महिना जातो, आणि वाचून झाल्यावर एक सळईही निघालेली नसते.

शेठजींच्या पावतीवरचा हिशेब मात्र याहून साधा होता, आणि मला तोच सगळ्यांत धक्कादायक वाटला. त्यांनी तो असा मांडला. समजा, धंद्यात एक कोटी फिरतात. भंगार घेतलं, वितळवलं, सळई काढली, विकली, वीस दिवसांत पैसा घरी. वर्षात अठरा फेरे. एका फेऱ्यात शेकडा एक सुटला तरी वर्षाला अठरा. आता तोच कोटी अशा कामात घातला जिथे तपासणी, पुन्हा तपासणी, पावती, बिल, सही असं होत होत सहा महिन्यांनी पैसा येतो. वर्षात फेरे दोन! तेवढेच अठरा सुटायला प्रत्येक फेऱ्यात शेकडा नऊ हवेत. आणि एल-वनच्या शर्यतीत नऊ कोण ठेवून देईल?

मग दंड. माल उशिरा गेला तर वर्षानुवर्षं चालत आलेला दर आहे, आठवड्याला अर्धा टक्का, दहा टक्क्यांपर्यंत. ऐकायला काहीच नाही. एक कोटीच्या मालावर आठवड्याला पन्नास हजार. पण ज्याची सगळी कमाई शेकडा एक आहे, त्याची कमाई दोन आठवड्यांत संपली! तिसऱ्या आठवड्यापासून तो पदरचं घालतो. विसाव्या आठवड्याला त्यानं दहा लाख गमावले आहेत, म्हणजे दहा फेऱ्यांचा नफा, आणि माल अजून प्रयोगशाळेच्या दारात चाचणीची वाट बघतोय. त्याच्या उशिराला दंड आहे. समोरच्या उशिराला काय आहे? लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ पासून आहे, पण ४५ दिवस मोजायला सुरुवात होते ती माल स्वीकारल्यापासून, आणि खरेदी करणाऱ्यानं वेळेत लेखी हरकत घेतली तर ती मिटेपर्यंत माल स्वीकारला असं धरलं जात नाही.

सरकारला हे दिसलं आहे, हेही सांगितलं पाहिजे. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या खरेदी नियमावलीत देशी वस्तू विकसित होत असताना दंडच नाही, आणि त्यानंतरही आठवड्याला अर्ध्याऐवजी ०.१ टक्का. पाचपट कमी! शिवाय पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची खात्री देण्याची सोय. दोन आठवड्यांत संपणारी कमाई आता दहा आठवडे तग धरेल. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, आणि दहा वर्षांपूर्वी झाला असता तर किती बरं झालं असतं असंही वाटतं.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. जगातलं सगळ्यांत मोठं संरक्षण खातं अमेरिकेचं, आणि त्यांनीच २०२३ मध्ये सांगितलं की दहा वर्षांत त्यांच्याशी काम करणारे लहान उद्योग चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. दहा दुकानांपैकी चार बंद! समुद्र जेवढा मोठा, तेवढी लहान होडी किनाऱ्याला परत फिरते.

आणि जालन्याच्या मातीला तर हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. भोकरदन तालुक्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा वेलस्ली समोरासमोर आले. मराठ्यांच्या शंभराच्या आसपास तोफा त्या एका दिवशी हातातून गेल्या. त्या काळी फौजेचा पुरवठादार कोण? लमाणांचे तांडे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य लादून ते लष्करामागे चालत. पुढे जालन्यात छावणी वसली, निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांची फौज उभी राहिली, आणि तिच्या पगारासाठी सावकारांच्या दारात कर्ज मागणं सुरू झालं. हैदराबादची पामर कंपनी त्या पैशात मोठी झाली आणि १८२० च्या दशकात बुडाली. मग पेस्तनजी मेहेरजींची पारशी पेढी पुढे आली. इतकी मोठी की औरंगाबादच्या टांकसाळीत तिच्या नावाचा 'पेस्तनशाही' रुपया पडत असे! सावकाराच्या नावाचा रुपया! तीही सरकारकडच्या थकबाकीत गेली. शेवटी फौजेच्या त्याच थकबाकीपोटी १८५३ च्या मे महिन्यात निजामाला काय सोडावं लागलं? वऱ्हाड. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, कापसाचा अख्खा मुलूख, एका फौजेच्या न भागलेल्या बिलापायी!

आता सगळ्यांत मोठी बेरीज. तेजस मंजूर झाल्यापासून पहिलं स्क्वाड्रन उभं राहीपर्यंतची तेहेतीस वर्षं घ्या. एवढा काळ आपली पाचशे टनांची मिल वर्षाला तीनशे दिवस चालली तर किती लोखंड निघेल? दिवसाला पाचशे. वर्षाला दीड लाख. तेहेतीस वर्षांत साडेएकोणपन्नास लाख टन! हजार चौरस फुटांच्या घराला चार टन सळई धरा. बारा लाखांहून अधिक घरं. घरात पाच माणसं धरली तर साठ लाख लोकांच्या डोक्यावर छप्पर, एका मिलमधून. आणि तेच लोखंड मालगाड्यांत भरा. चौदाशे गाड्या. एक गाडी साडेसहाशे मीटर लांब. एकीला एक जोडून रुळावर उभ्या केल्या, पहिलीचं इंजिन मुंबईच्या धक्क्याला लावलं, तर रांग कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर ओलांडते, भंडारा ओलांडते, आणि शेवटच्या गाडीचा गार्ड तुमसरच्या आसपास हिरवा कंदील हलवत उभा असतो. नऊशेहून अधिक किलोमीटर लोखंड! तेवढ्या वेळात तिकडे एका विमानाचं पहिलं स्क्वाड्रन.

परवा पुन्हा त्या मिलवर गेलो. नव्या नियमावलीबद्दल सांगितलं, ०.१ टक्क्याचं सांगितलं, पाच वर्षांच्या खात्रीचं सांगितलं. शेठजींनी लक्ष देऊन ऐकलं. फाईलवरची धूळ रुमालानं पुसली, दोन पानं उलटली, आणि लॅबमधल्या पोराला हाक मारून विचारलं, "अरे, निकेलचा भाव काय चाललाय आज?" पोरगा मोबाईल काढून बघत होता तेवढ्यात फोन वाजला. सिंदखेडराजाचा ठेकेदार. बारा एमएमची सळई, पंचवीस टन, आजच्या आज हवी, पैसे गाडी भरताना. शेठजी उठले आणि काट्याकडे गेले. रिकामा ट्रक फलाटावर चढला, लाल आकडे धावले, थांबले. पोरगा निकेलचा भाव घेऊन दारात उभा होता.

"सांग," शेठजी काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "आणि तिथे पावतीवर लिहून ठेव."